विज्ञानसंस्थांतील स्त्रिया : प्रवेश झाला, पुढे काय?

(भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेकडे निघाले की कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. पुढे मादाम कामा मार्गावर विज्ञान संस्थेची दगडी इमारत उभी आहे. गिरगाव चौपाटीसमोर विल्सन महाविद्यालय, परळला हाफकिन संस्था, टाटा स्मारक रुग्णालय आणि के. ई. एम. रुग्णालय, माटुंग्याला वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था. पंधरा-सोळा किलोमीटरच्या या पट्ट्यात विज्ञानाच्या जेवढ्या नामवंत संस्था दाटीवाटीने उभ्या आहेत, तेवढ्या महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळतील. या संस्थांमध्ये विद्यार्थिनी म्हणून, संशोधिका म्हणून आणि अखेर प्रमुख म्हणून स्त्री कधी आली व कशी आली, हे पाहिले म्हणजे एका शतकात काय बदलले आणि काय बदलायचे राहिले, याचा बराचसा उलगडा होतो.

मुलींच्या शिक्षणाची वाट मुंबईत तशी लवकर खुली झाली. एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी १८४८ मध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली आणि लगेचच दुसऱ्या वर्षी मुलींच्या शाळा काढल्या. संस्थेच्या नावातच विज्ञान होते. परंतु तिच्या शाळांत अक्षरे गिरविणाऱ्या मुलींच्या नातींपर्यंतही प्रयोगशाळा पोहोचली नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याच्या पदव्यांचा मार्ग स्त्रियांना मोकळा झाला तो १८८३ मध्ये. त्यानंतर स्त्रिया डॉक्टर झाल्या, शिक्षिका झाल्या. रुग्णसेवा आणि अध्यापन ही दोन्ही कामे घरातील सेवेचाच विस्तार मानली जात असल्यामुळे त्यांना समाजाची संमती तुलनेने लवकर मिळाली. शुद्ध विज्ञानाचे तसे नव्हते. रात्री उशिरापर्यंत एकट्याने उपकरणांसमोर बसण्याच्या या उद्योगाला घरगुती उपमा सापडत नव्हती.

अशा काळात, १९३३ मध्ये, मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र हा प्रमुख विषय घेऊन एक तरुणी गुणवत्तायादीत पहिली आली. तिचे नाव कमला भागवत. विदुषी दुर्गाबाई भागवत यांची ही धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनज्ञ. त्यामुळे पुढील संशोधन तेथेच करावयाचे, हे घरात जणू ठरलेलेच होते. परंतु त्या वेळी संस्थेचे संचालक असलेले नोबेल पारितोषिकविजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, स्त्री आहे म्हणून, तिचा अर्ज नाकारला. कमलाबाई बंगलोरला गेल्या, नकाराचे कारण विचारीत राहिल्या आणि अखेर प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत. गांधीजींच्या सत्याग्रहाचा तो काळ होता. तिने तेच शस्त्र वापरले. प्रवेश मिळाला तोही अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावयाचे, आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होईल असे काही करावयाचे नाही!

या तिसऱ्या अटीबद्दल क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. संशोधनातील यशापयशाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. दुसऱ्याचे चित्त विचलित झाले तर त्याचा ठपका मात्र त्या मुलीवर येणार होता. वर्षभरात श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली तिने दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर केलेले काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. मात्र तो अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत. उतारवयात स्त्री-शास्त्रज्ञांनी त्यांचा सत्कार केला, तेव्हाही त्यांनी तो बोलून दाखविला.

बंगलोरहून त्या केंब्रिजला गेल्या. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत काम करताना बटाट्याच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य असल्याचे त्यांनी दाखवून दिले. वनस्पतींच्या श्वसनक्रियेचा उलगडा होण्याच्या दृष्टीने ही महत्त्वाची गोष्ट होती. अवघ्या चौदा महिन्यांत काम पूर्ण झाले. प्रबंध होता फक्त चाळीस पानांचा. १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. दिल्ली आणि कुन्नूर येथे काही वर्षे काढल्यानंतर १९४७ मध्ये विवाह झाला, त्या डॉ. कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईस आल्या. १९४९ पासून मादाम कामा मार्गावरील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या विभागात त्यांनी शिकविले.

ग्रामीण भागातील श्रोत्यांना विशेष आवडेल असा त्यांच्या कामाचा भाग येथूनच सुरू होतो. गरिबांच्या ताटात जे पडते त्याचे पोषणमूल्य काय, हा त्यांचा ध्यास होता. कडधान्ये, ताडगूळ, आणि विशेषतः नीरा यांवर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. नीरा या पेयाकडे लक्ष देण्याची सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांची होती. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यास प्रकृतीत सुधारणा होते, असे या कामातून दिसून आले आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. त्यांचे 'आहारगाथा' हे मराठी पुस्तक गृहिणींसाठी लिहिलेले आहे.

एवढ्या कर्तृत्वाच्या बाईंना संस्थेचे संचालकपद मात्र सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले, आणि त्यामागे स्त्री असणे हेच कारण होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. १९३३ मध्ये दार अडविले गेले ते उघडपणे, तोंडावर कारण सांगून. पुढच्या वेळी कोणी कारण सांगितले नाही. नुसता विलंब झाला. आजच्या स्त्री-शास्त्रज्ञांना जे सोसावे लागते ते बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते, आणि ते कागदावर सापडत नाही.

कुलाब्याच्या संस्थेचा इतिहासही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईत प्रथम पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' या बंगल्यात आणि नंतर गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. डॉ. होमी भाभा यांनी १९४९ मध्ये तेथे विभा चौधरी यांची नेमणूक केली. संस्थेतील त्या पहिल्या स्त्री-संशोधक. विश्वकिरणांवर त्यांनी त्याआधीच मोलाचे काम केले होते. त्यांचे नाव मात्र दीर्घकाळ विस्मृतीत गेले. २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'विभा' हे नाव आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने दिले, तेव्हा वृत्तपत्रांतून या बाई कोण, याची चौकशी सुरू झाली.

आता परळकडे वळू. गिरणीच्या भोंग्यांवर घड्याळे लावणाऱ्या या वस्तीत १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजेच लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, काम करू लागल्या. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलीने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडले. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढविण्याची विद्या तेथे त्यांनी आत्मसात केली आणि परत येऊन परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्यांनी फार लवकर हेरला होता. १९६६ ते १९७० या काळात केंद्राची धुराही त्यांनी सांभाळली. पुढे अहमदनगर जिल्ह्याच्या आदिवासी भागात बालकांच्या पोषणाची पाहणी त्यांनी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे एक वेगळेच काम अधिक बोलके आहे. १९७३ मध्ये मुंबईतील काही स्त्री-शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन त्यांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटना स्थापन केली. शास्त्रज्ञांची संघटना म्हटली की परिषदा, निबंध, नियतकालिक असे चित्र डोळ्यांसमोर येते. तेही या संघटनेने केले. पण वाशी येथील तिच्या वास्तूत पाहू गेल्यास काय आढळते? नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर! सूक्ष्मदर्शकाशी आयुष्य घालविलेल्या बायकांनी एकत्र येऊन विटा-सिमेंटात प्रथम काय बांधावे, याचा निर्णय स्वतःच्या अनुभवावरून घेतला होता. राहावयाचे कोठे आणि मूल ठेवावयाचे कोणाजवळ, या दोन प्रश्नांवर किती प्रबंध अर्धवट राहिले असतील याची मोजदाद कोणत्याही विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात नाही.

परळच्याच परिसरातील आणखी एक घटना येथे ओघाने सांगितली पाहिजे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात नलिकेतील फलनातून जन्मलेले, शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले देशातील पहिले अपत्य जन्मास आले. डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या साहाय्याने हे यश मिळविले. तीच संस्था पुढे राष्ट्रीय संस्था झाली आणि डॉ. स्मिता महाले तिच्या संचालक झाल्या. जीवशास्त्र आणि वैद्यक यांत स्त्रियांनी पाय रोवले ते असे. भौतिकशास्त्र, गणित आणि अभियांत्रिकी यांत हे पाऊल फार सावकाश पडले.

आता थोडे आकड्यांकडे. केंद्र शासनाच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ या वर्षी देशात विज्ञान शाखेत पदवीपासून डॉक्टरेटपर्यंत ५७.२ लाख विद्यार्थी शिकत होते आणि त्यांत मुली २९.८ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक होत्या. कमला भागवत यांना ज्या देशात एका जागेसाठी धरणे धरावे लागले, त्याच देशातील हा आकडा आहे. सर्व शाखांतील अध्यापकांचा विचार केला तर त्याच सर्वेक्षणात स्त्रिया ४३.४ टक्के होत्या. तथापि, संशोधनसंस्थांतील कायम पदे, विभागप्रमुखांच्या खुर्च्या, अकादमींचे सदस्यत्व, पुरस्कारांच्या याद्या असे जसजसे वर पाहत जावे, तसतसे हे प्रमाण झपाट्याने घटते. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणजे रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी. ते साल १९६१. त्यानंतरच्या साठ वर्षांतील स्त्री-मानकऱ्यांची यादी एका पानावर सहज मावते.

ही घट नेमकी कोठे होते? मुलगी पदव्युत्तर परीक्षा देते तेव्हा ती बाविशी-तेविशीत असते. डॉक्टरेट आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षांची संशोधनवृत्ती संपेपर्यंत तिशी उलटते. घर, विवाह आणि अपत्य हे सारे याच वर्षांत, आणि पहिल्या कायम नेमणुकीची वयोमर्यादाही याच सुमारास. पतीची बदली झाली तर शहर बदलते. पती-पत्नी एकाच संस्थेत नकोत असा अलिखित संकेतही अनेक ठिकाणी पाळला जात असे.

मंगला नारळीकर यांचे उदाहरण शिक्षकवर्गाला परिचित आहे. पूर्वाश्रमीच्या मंगला राजवाडे मुंबई विद्यापीठाच्या गणिताच्या एम. ए. परीक्षेत १९६४ मध्ये कुलपतींच्या सुवर्णपदकाच्या मानकरी ठरल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाल्या. १९६६ मध्ये विवाह झाला आणि त्या केंब्रिजला गेल्या. परतल्यानंतर कुलाब्यास राहून, तीन मुलींचा सांभाळ करीत, त्यांनी संख्या-सिद्धांतावरील प्रबंध पूर्ण केला. डॉक्टरेट मिळाली १९८१ मध्ये, म्हणजे सुवर्णपदकानंतर सतरा वर्षांनी. पुढे 'गणितगप्पा'सारखी पुस्तके त्यांनी मुलांसाठी लिहिली. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' असे वाचन सुचविल्याबद्दल जो गदारोळ झाला, तो त्यांनी पाठ्यपुस्तक समितीच्या प्रमुख या नात्याने शांतपणे अंगावर घेतला. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे अडखळणाऱ्या मुलाची त्यांना काळजी होती. विनोद करणाऱ्यांपैकी कितींनी ते पुस्तक उघडून पाहिले होते, हा प्रश्नच आहे. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या.

संगणकाची कथा मात्र निराळी आहे, आणि ती मुंबईतच सुरू होते. भारतात घडविलेल्या अगदी पहिल्या संगणकांपैकी एक, 'टिफ्रॅक', याच टाटा संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचे नामकरण केले. विषयच इतका नवा की, पुरुषांचा कोणता आणि स्त्रियांचा कोणता, हे ठरविण्यास समाजाला सवडच मिळाली नाही. अमेरिकेतील 'एनियाक' या यंत्राच्या पहिल्या सहा आज्ञावलीकार स्त्रियाच होत्या. परंतु तेथे पुढे उलटे घडले. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रिया सुमारे ३७ टक्के होत्या. नंतर ते प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली आले. घरगुती संगणक मुलग्यांचे खेळणे म्हणून विकला गेला, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

आपल्याकडे घराघरात संगणक नव्हताच, आणि ही उणीवच मुलींच्या पथ्यावर पडली. महाविद्यालयात प्रथमच यंत्रासमोर बसताना मुलगा आणि मुलगी दोघेही सारखेच अनभिज्ञ. शिवाय मध्यमवर्गीय दादरकर किंवा गिरगावकर पालकांच्या दृष्टीने हे काम सावलीतले, टेबलाशी बसून करावयाचे, कारखान्याच्या धुळीपासून दूर. स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीला मुलीला पाठविण्यास कचरणारे वडील संगणक शाखेला आनंदाने संमती देत. येथे पूर्वग्रहानेच मुलीचे भले केले, असे म्हणावे लागते. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठानेही १९९७ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढले.

लालबाग-परळच्या मुलींना ही वाट अधिक निकडीची होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांना पूर्वीची नोकरी पुन्हा मिळाली नाही. ज्या घरात बापाचा पगार थांबला तेथे मुलीचे शिक्षण थांबवावे की तिने लवकर कमावते व्हावे म्हणून ते पुढे रेटावे, हा प्रश्न दहा बाय बाराच्या खोलीत, सर्वांच्या देखत सोडवावा लागला. कोणी टंकलेखन शिकून, कोणी संगणकाचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम करून कचेऱ्यांत गेल्या. पुढे याच गिरण्यांच्या जमिनींवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि साच्यांच्या जागी संगणकांच्या रांगा आल्या. या मुली नोकरीला लागल्या, हे खरे. त्यांपैकी संशोधनाकडे, डॉक्टरेटकडे किती वळू शकल्या असत्या? पाच-सहा वर्षे तुटपुंज्या विद्यावेतनावर काढण्याची ऐपत असलेल्या घरांनाच ती चैन परवडली. स्त्रियांच्या प्रमाणाबद्दल बोलताना कोणत्या घरातील स्त्रिया, हेही विचारले पाहिजे.

भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले, ज्या १९८२ ते १९९५ या काळात मुंबई विद्यापीठात शिकवीत होत्या, त्यांची आठवण शाळांच्या संदर्भात महत्त्वाची आहे. पुण्यात त्या ज्या कन्याशाळेत शिकल्या तेथे सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र असे. पुढे त्यांनी भारतातील सुमारे शंभर स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्यांचा 'लीलावतीज् डॉटर्स' हा ग्रंथ २००८ मध्ये सहसंपादित केला. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

शासनपातळीवर काही पावले पडली आहेत. संसारामुळे संशोधन सोडावे लागलेल्या स्त्रियांना परत येता यावे म्हणून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून स्वतंत्र योजना आखली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच. डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा आणि दोन वर्षांची जादा मुदत दिली. तंत्रज्ञान संस्थांत, पवईसह, २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण झाल्या आणि नऊ-दहा टक्क्यांवर रेंगाळलेले त्यांचे प्रमाण २०२० पर्यंत वीसच्या आसपास आले. महाराष्ट्रात पंचायतींमधील निम्म्या जागा स्त्रियांना २०११ पासून कायद्यानेच मिळाल्या आहेत. येथे बसलेल्या सभासदांपैकी अनेकींना त्याचा अर्थ सांगण्याची गरज नाही. प्राध्यापकपदांना तीच पद्धत लावावी की नाही, यावर मतभेद आहेत. मात्र निवड समितीत स्त्रिया किती असतात आणि मुलाखतीत उमेदवार स्त्रीला विवाहाविषयी प्रश्न का विचारले जातात, एवढे तरी पाहण्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवटी उपस्थित शिक्षक व सभासद यांच्यासाठी एक कामाची बाब. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के सवलत २०२४-२५ पासून आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांतील प्रवेश या सवलतीत येत नाहीत. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हाताशी हवा, आणि तहसील कचेरीत जून-जुलैमध्ये किती गर्दी असते हे सर्वजण जाणतात. बारावीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलींच्या पालकांकडून हे कागद दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच तयार करवून घेता येतात.